आग रोखणारी रसायने : जुनी गेली, नवी तरी सुरक्षित आहेत का?

23 एप्रिल 2021 च्या पहाटे विरारमधल्या विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि किमान 13 कोविड रुग्णांचा जीव गेला. अशा घटनांनंतर दुकानदाराने सोफा ‘फायर रेझिस्टंट’ आहे असं सांगितलं की धीर वाटतो. पण फोम, टीव्हीचं कव्हर किंवा वायरचं आवरण लवकर पेटू नये म्हणून त्यात काय मिसळलंय, हे क्वचितच कुणी विचारतं.

जुनी रसायने का गेली?

पूर्वी यासाठी ‘पीबीडीई’ ही ब्रोमीनयुक्त रसायने वापरली जायची. ती निसर्गात सहज नष्ट होत नाहीत, शरीरातल्या चरबीत साठतात आणि आईच्या दुधातही सापडली आहेत. थायरॉइडवर आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीवर त्यांचा परिणाम होतो. स्टॉकहोम करारात 2009 आणि 2017 साली त्यांचा समावेश झाला. भारतानेही 2018 च्या नियमांनी त्यातल्या काहींचं उत्पादन, आयात आणि वापर बंद केला.

मग त्यांच्या जागी काय आलं?

अनेक ठिकाणी फॉस्फरसयुक्त रसायने आली : टीसीईपी, टीडीसीपीपी, टीपीएचपी. यातलं टीसीईपी प्रजननक्षमतेला घातक म्हणून युरोपच्या चिंताजनक रसायनांच्या यादीत आहे. टीडीसीपीपीची कथा तर आणखी बोलकी आहे. 1977 मध्ये अमेरिकेत मुलांच्या रात्रीच्या कपड्यांमधल्या ब्रोमीनयुक्त ‘ट्रिस’वर बंदी आली. त्याच्या जागी क्लोरीनयुक्त ‘ट्रिस’, म्हणजेच टीडीसीपीपी आलं. वर्षभरातच तेही जनुकांमध्ये बिघाड करू शकतं असं दिसलं. कपड्यांतून ते गेलं, पण सोफ्याच्या फोममध्ये वापरलं जाऊ लागलं. 2011 मध्ये कॅलिफोर्नियाने त्याला कर्करोगकारक रसायनांच्या यादीत टाकलं.

थोडक्यात, एकावर बंदी आली की त्याचंच भावंड बाजारात येतं.

शरीरात कशी जातात?

यातली बरीच रसायने फोमला किंवा प्लास्टिकला पक्की जोडलेली नसतात. ती हळूहळू बाहेर पडतात आणि घरातल्या धुळीत बसतात. जमिनीवर रांगणारं, हात तोंडात घालणारं बाळ ही धूळ सर्वात जास्त गिळतं.

वसई-विरारमध्ये धोका कुणाला?

वसई पूर्वेच्या औद्योगिक पट्ट्यात छोटे कारखाने आणि गोदामं दाटीवाटीने आहेत. अशा ठिकाणी फोम कापणारे, जुने टीव्ही-संगणक फोडणारे आणि वायर जाळून तांबं काढणारे कामगार या धुळीच्या आणि धुराच्या थेट संपर्कात येतात. ब्रोमीन किंवा क्लोरीन असलेला माल जळला की धूर अधिक विषारी होतो. म्हणून अग्निशमन दलाचे जवानही धोक्यात असतात.

मग आगीचं काय?

आगीपासून संरक्षण हवंच, पण ते फक्त रसायनांनी मिळत नाही. कॅलिफोर्नियाने 2013 मध्ये सोफ्याची चाचणी बदलली. आता योग्य कापड वापरून, फोममध्ये रसायन न घालताही ती पार करता येते. घरात चांगलं वायरिंग, एमसीबी, धूर सांगणारा अलार्म आणि मोकळा जिना यांचा उपयोग जास्त आहे.

तुम्ही काय करू शकता?

- झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा.
- जेवणाआधी मुलांचे हात साबणाने धुवा.
- फाटलेल्या गादीचा, सोफ्याचा फोम उघडा ठेवू नका.
- फोम, वायर, ई-कचरा जाळू नका. अधिकृत संकलन केंद्रात द्या.
- खरेदी करताना ‘आग रोखते का?’ यासोबत ‘कशामुळे रोखते?’ हेही विचारा.