ग्रंथालयाचे दार कोणासाठी?



ग्रंथालय काढावयाचे म्हटले की आपण प्रथम दाता शोधतो. परंतु केवळ दाता मिळाल्याने ग्रंथालय चालते काय? अँड्र्यू कार्नेगी यांच्या ग्रंथालयांचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

कार्नेगी हे स्कॉटलंडमधील एका गरीब विणकराचे पुत्र. १८४८ साली हे कुटुंब अमेरिकेत गेले. तेथे तारा पोचविण्याचे काम करीत असता कर्नल अँडरसन नावाच्या गृहस्थांनी कामकरी मुलांसाठी खुल्या केलेल्या पुस्तकांवर त्यांनी आपली ज्ञानाची भूक भागविली. पुढे पोलादाच्या धंद्यात ते अतिशय श्रीमंत झाले. १८८३ साली डनफर्मलाइन या जन्मगावी त्यांचे पहिले ग्रंथालय उघडले आणि पुढे त्यांच्या देणगीतून जगभर सुमारे २,५०० ग्रंथालये उभी राहिली.

मात्र त्यांची एक अट असे. पैसा इमारतीसाठी मिळेल. जागा गावाने द्यावी आणि देणगीच्या १० टक्के रक्कम दरसाल सार्वजनिक निधीतून खर्चावी. म्हणजे ग्रंथालय उभारणारा एक, तर जगविणारे सर्वजण.

या दानाला दुसरी बाजूही आहे. १८९२ साली होमस्टेड येथील त्यांच्या कारखान्यात मजुरीवरून तंटा पेटून कामगारांचे बळी गेले. त्याच गावी १८९८ साली त्यांचे ग्रंथालय उघडले. पण बारा बारा तास राबणाऱ्याने वाचावे केव्हा? तसेच अमेरिकेच्या दक्षिण भागात अनेक ग्रंथालयांची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती. लुईव्हिल शहरात १९०५ साली भाड्याच्या खोल्यांत त्यांच्यासाठी शाखा सुरू झाली. १९०८ साली कार्नेगींच्या देणगीतून तिला स्वतःची इमारत मिळाली. ग्रंथपाल थॉमस फाउंटन ब्लू यांनी तेथे कृष्णवर्णीय ग्रंथपालही घडविले.

अमेरिकेतील ग्रंथालये पाहून आलेल्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. गावाने वर्गणी जमविली की तितकीच रक्कम प्रांत पंचायत व तितकीच सरकार देई. याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब अमेरिकेत शिकावयास गेले, हे आपण जाणतोच.

बंधुभगिनींनो, दात्याचे नाव दगडावर कोरले जाते, पण कपाटातील पुस्तक हाती घेणारा वाचक नसेल तर तो दगडच उरतो. म्हणून आपण वर्गणी नियमित द्यावी, पुस्तक वेळेवर परत करावे आणि दारातून कोणीही परत जाणार नाही, हे पाहावे.