कापणीच्या दिवसांतला पाऊस

मुलांनो, 'खरीप' आणि 'रबी' हे दोन शब्द तुम्ही भूगोलाच्या तासाला ऐकले असतील. हे शब्द मूळचे अरबी आहेत, हे तुम्हांला ठाऊक आहे का? अरबीत 'ख़रीफ़' म्हणजे शरद ऋतू आणि 'रबी' म्हणजे वसंत ऋतू. शरदात जे पीक हाती येते ते खरीप, आणि वसंतात जे हाती येते ते रबी. 'हंगाम' हा शब्द फारसीतून आला आहे. मराठी शेतकरी हे तिन्ही शब्द रोज वापरतो. तुमच्या आणि त्याच्या भाषेतले हे जुने नाते आहे.

या दोन हंगामांच्या मधे एक नाजूक काळ येतो. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे ते दोन महिने. एक पीक कापायचे असते, दुसरे पेरायचे असते. नेमका याच वेळी पाऊस आला तर काय होते? हे समजून घेण्यासाठी आपण आरमोरीला जाऊ.

आरमोरी हे गडचिरोली जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव आहे. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. आरमोरीजवळून वैनगंगा नदी वाहते. नदीच्या पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी तालुका आहे. या सगळ्या भागाला 'झाडीपट्टी' म्हणतात. घनदाट जंगल, जुने मालगुजारी तलाव आणि धानाची शेती ही झाडीपट्टीची ओळख आहे. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला भात म्हणतात, त्याला इकडे धान म्हणतात.

धानाच्या शेतात छोटे छोटे चौकोन असतात. अशा प्रत्येक चौकोनाला बांधी म्हणतात. बांधीच्या भोवती मातीचा धुरा असतो. धुऱ्यामुळे पावसाचे पाणी बांधीत साठते. जुलै-ऑगस्टमध्ये या पाण्यात रोवणी होते. धानाला वाढताना पाणी लागते, पण पिकल्यावर त्याला पाणी नको असते. तेव्हा त्याला हवे असते स्वच्छ ऊन आणि कोरडा वारा.

सगळे धान एकदम पिकत नाही. हलके धान लवकर पिकते. त्याची कापणी दिवाळीच्या सुमारास होते. मध्यम धान त्यानंतर येते. भारी धानाला सर्वांत जास्त दिवस लागतात. ते नोव्हेंबरच्या अखेरपर्यंत, कधी डिसेंबरपर्यंत शेतात उभे असते. उंचावरच्या बांधीत पाणी कमी टिकते, म्हणून तेथे हलके धान लावतात. सखल बांधीत ओल पुष्कळ दिवस राहते, म्हणून तेथे भारी धान लावतात.

विळ्याने धान कापून ते बांधीतच पसरून ठेवतात. या पसरलेल्या धानाला 'कडपा' म्हणतात. तीन-चार दिवस ऊन लागले की कडपा वाळतात. मग त्यांचे भारे बांधतात. भारे एकावर एक रचून मोठे ढीग करतात. या ढिगांना 'पुंजणे' म्हणतात. पुढे सवडीने मळणी होते. धान पोत्यांत भरले जाते आणि तणस गुरांसाठी ठेवली जाते.

आता तुम्ही विचाराल, पावसाळा संपल्यावर पाऊस येतो तरी कोठून? विदर्भातून मोसमी वारे साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या आठवड्यात परत फिरतात. पण त्याच दिवसांत बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात. त्यांतील काहींची चक्रीवादळे होतात. नकाशा काढून पाहा. आरमोरीपासून मुंबई सुमारे साडेसातशे किलोमीटर दूर आहे, पण विशाखापट्टणमचा किनारा साधारण साडेचारशे किलोमीटरवरच आहे. म्हणून उपसागरात वादळ झाले की त्याचे ढग झाडीपट्टीवर सहज येतात. डिसेंबर २०२३ मध्ये 'मिचाँग' नावाचे चक्रीवादळ आंध्र प्रदेशच्या किनाऱ्यावर बापटलाजवळ धडकले. त्याचा पाऊस पूर्व विदर्भातही पडला. त्या वेळी अनेकांचे धान अजून शेतातच होते.

समजा, तुमच्या एखाद्या मैत्रिणीच्या घरी तीन बांध्या आहेत. पहिल्या बांधीतले हलके धान कापून झाले आहे आणि कडपा वाळत आहेत. दुसऱ्या बांधीतले मध्यम धान पिकून उभे आहे. तिसऱ्या बांधीतले भारी धान अजून हिरवे आहे. अशा वेळी आभाळ भरून आले आणि दोन दिवस पाऊस पडला. पाऊस एकच, पण प्रत्येक बांधीत त्याचे परिणाम वेगळे होतात.

पहिल्या बांधीचे नुकसान सर्वांत मोठे. कडपा पाण्यात भिजतात. धानाचा दाणा जिवंत असतो. त्याला ओल आणि ऊब मिळाली की तो अंकुरतो. शेतकऱ्याने तो खाण्यासाठी पिकवलेला असतो, पण दाण्याला ते कोठे ठाऊक! काही जातींचे बी पिकल्यावर काही आठवडे 'झोपलेले' असते. शास्त्रज्ञ याला सुप्तावस्था म्हणतात. ही झोप ज्या जातीत नसते, तिच्या दाण्यांना भिजल्यावर थोड्याच दिवसांत कोंब फुटतात. ज्यांना कोंब फुटत नाहीत, त्या दाण्यांवर बुरशी येते व ते काळपट पडतात. आधी वाळलेला दाणा पुन्हा भिजला तर त्याला आतून बारीक तडे जातात. असे धान गिरणीत भरडले की अख्खा तांदूळ कमी आणि कणी जास्त निघते. तणसही काळी पडते. ती गुरे आवडीने खात नाहीत.

दुसऱ्या बांधीत काय होते? पिकलेल्या लोंब्या दाण्यांनी जड झालेल्या असतात. त्यांवर पाण्याचा भार पडतो. माती मऊ होते आणि वारा सुटतो. मग धान आडवे पडते. आडव्या धानाच्या लोंब्या चिखलात टेकतात, आणि तेथेही कोंब फुटू लागतात. असे धान कापायला दुप्पट वेळ लागतो. कापणी यंत्र ओल्या बांधीत रुतते. मजुरांना वाकून, चिखलातून एकेक मूठ उचलावी लागते.

तिसऱ्या बांधीतली गोष्ट मात्र वेगळी आहे. भारी धानाचे दाणे अजून भरत असतात. त्याला या पाण्याचा उपयोग होतो. सप्टेंबरनंतर पाऊस झाला नसेल, तर हाच पाऊस त्या बांधीला तारतो. पण ढगाळ हवा बरेच दिवस राहिली तर तेथेही संकट येते. दमट हवेत तुडतुडे वाढतात. ते खोडातला रस शोषतात. करपा रोगामुळे लोंबीची मान काळी पडून मोडते. शेतकरी याला 'मानमोडी' म्हणतात. शिवाय धान फुलोऱ्यात असताना जोराचा पाऊस झाला तर परागकण वाहून जातात आणि दाणे पोचट राहतात.

म्हणजेच, पाऊस चांगला की वाईट हे केवळ पावसावर ठरत नाही. तो पडला तेव्हा पीक कोणत्या अवस्थेत होते, यावर ते ठरते.

पाऊस थांबला म्हणजे संकट संपले, असेही नाही. तुम्ही घरी पाहिले असेल. उन्हाच्या दिवशी कपडे दोन तासांत वाळतात, पण ढगाळ, गार दिवशी ते संध्याकाळपर्यंत दमटच राहतात. धानाचेही तसेच असते. हवेत आधीच बाष्प असेल तर दाण्यातला ओलावा बाहेर पडत नाही. घाईने ओल्या भाऱ्यांचे पुंजणे रचले तर ते आतून तापतात. पुंजण्यात हात घातला तर वाफ लागते. दाणा श्वसन करतो, बुरशीही श्वसन करते, आणि त्यातून उष्णता निर्माण होते. बाहेरून कोरडा दिसणारा ढीग आत कुजत असतो.

ओलाव्याचा संबंध पैशाशीही असतो. गडचिरोली जिल्ह्यात आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रांवर हमीभावाने धान खरेदी होते. तेथे धानातला ओलावा १७ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. समजा, एका शेतकऱ्याचे १०० किलो धान आहे आणि त्यात २२ टक्के ओलावा आहे. म्हणजे त्यात २२ किलो पाणी आणि ७८ किलो कोरडा भाग आहे. ते १७ टक्क्यांपर्यंत वाळवले तर त्याचे वजन सुमारे ९४ किलो भरेल. ते वाळवायला ऊन हवे, जागा हवी आणि वेळ हवा. ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नाही, तो ओले धान कमी भावात व्यापाऱ्याला देतो. मुलांचे शिक्षण, घरातले लग्न, दुकानाची उधारी, पुढच्या वर्षीचे बियाणे, हे सारे त्या पोत्यांवर अवलंबून असते.

आता पेरणीकडे वळू. धान निघाले की त्याच ओलीवर झाडीपट्टीत लाखोळी, हरभरा, जवस, उडीद, मूग अशी पिके घेतात. लाखोळीची रीत मोठी चतुराईची आहे. धान कापण्याच्या काही दिवस आधी, उभ्या धानातच लाखोळीचे बी फेकतात. ओल्या मातीत ते रुजते. धान कापले जाते तेव्हा खाली लाखोळीची कोवळी रोपे तयार असतात. नांगरणीचा खर्च वाचतो आणि ओलही वाया जात नाही. पण बांधीत पाणी साचले तर हेच बी गुदमरून कुजते. बियाला पाण्याइतकीच हवाही लागते.

हरभऱ्यासाठी जमीन नांगरावी लागते. तेथे 'वाफसा' यावा लागतो. जमिनीत पुरेशी ओल आहे, पण चिखल नाही, अशा स्थितीला वाफसा म्हणतात. तो ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. मूठभर माती घेऊन तिचा गोळा करा आणि तो कमरेइतक्या उंचीवरून सोडा. गोळा फुटून माती मोकळी झाली तर वाफसा आला. तो तसाच चपटा झाला तर जमीन अजून ओली आहे. ओल्या जमिनीत नांगर घातला तर मोठी ढेकळे निघतात आणि ती वाळून दगडासारखी होतात.

अशी ही साखळी आहे. पावसाने कापणी लांबते. कापणी लांबली की बांधी रिकामी होत नाही. बांधी रिकामी नाही म्हणून पेरणी लांबते. उशिरा पेरलेला हरभरा फुलाघाट्यावर येतो तेव्हा उन्हे तापू लागलेली असतात आणि दाणे बारीक राहतात. ऑक्टोबरच्या दोन दिवसांचा पाऊस असा मार्चपर्यंत पोचतो. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते आणि रात्री नाटके रंगतात. धान घरात आलेले असेल तरच त्या मंडईला रंग चढतो.

पाऊस थांबवणे माणसाच्या हाती नाही. मग शेतकऱ्याने काय करावे? कृषिशास्त्रज्ञ काही उपाय सांगतात. हवामानाचा अंदाज पाहूनच कापणी करावी. लोंबीतले बहुतेक दाणे पिवळे झाले की कापणी सुरू करावी, पण पावसाचा इशारा असेल तर उभे पीक घाईने कापून खाली पाडू नये. उभे धान भिजले तरी वाऱ्याने लवकर वाळते. कापलेले धान मात्र पाण्यात लोळते. बांधीत पाणी साचल्यास धुरा फोडून ते काढून द्यावे. भिजलेल्या कडपा उलटून पसराव्यात. कोंब फुटू नयेत म्हणून त्यांवर मिठाचे पाणी फवारावे. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ पुरते. पुंजणे उंच जागेवर रचावेत व ताडपत्रीने झाकावेत. सगळ्या शेतात एकच जात लावू नये. वेगवेगळ्या वेळी पिकणाऱ्या जाती लावल्या तर एका पावसात सगळे पीक जात नाही. आणि नुकसान झालेच तर ते लवकर कळवावे, म्हणजे पंचनामा वेळेवर होतो.

या उपायांत सर्वांत महत्त्वाचे आहे ते निरीक्षण. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तेथील दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी होते. १९८३ साली त्यांना आपल्या बांधीत काही लोंब्या निराळ्या दिसल्या. त्यांनी त्यांचे बी जपून ठेवले, पुन्हा पुन्हा पेरले, निवडले. त्यातून 'एच.एम.टी.' हा प्रसिद्ध बारीक तांदूळ तयार झाला. २०१८ साली दादाजींचे निधन झाले, पण त्यांचे धान आजही शेतांत डोलते आहे. आभाळ आणि पीक दोन्ही डोळसपणे पाहणारा शेतकरी असे मोठे काम करू शकतो.

मुलांनो, दिवाळीच्या सुट्टीत एखाद्या संध्याकाळी गार वारा सुटेल आणि पूर्वेकडून ढग येतील. तुम्हांला कदाचित गंमत वाटेल. त्या वेळी गावाबाहेरच्या बांधीत कोणाचे तरी धान उघडे पडलेले असेल. जवळ असाल तर धावत जा. ताडपत्रीचे एक टोक तुम्ही धरा.

शब्दार्थ
बांधी – धुऱ्यांनी वेढलेला धानशेतीचा तुकडा. धुरा – शेताचा मातीचा बांध. रोवणी – धानाची रोपे लावणे. तणस – मळणीनंतर उरलेला धानाचा पेंढा. कणी – तुटलेला तांदूळ. पोचट – आत दाणा न भरलेले. अल्पभूधारक – थोडी जमीन असलेला.

स्वाध्याय
१. 'खरीप' आणि 'रबी' या शब्दांचे मूळ अर्थ लिहा.
२. एकाच पावसाचा तीन बांध्यांवर कोणकोणता परिणाम झाला?
३. कारण सांगा : ओल्या भाऱ्यांचे पुंजणे आतून तापतात.
४. तुमच्या शाळेच्या बागेतील माती घेऊन वाफसा आला आहे का ते पाहा. तुम्हांला काय दिसले ते पाच वाक्यांत लिहा.
५. उर्दूत आणि मराठीत सारखे असलेले शेतीविषयक पाच शब्द शोधा.