शिक्षक, मोबाईल आणि बुडबुडा

विहिरीतल्या बेडकाची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. विहीर हेच जग, असे त्याला वाटते. आज ही विहीर आपल्या खिशातल्या मोबाईलमध्ये आली आहे, आणि शिक्षकही तिच्यातून सुटलेले नाहीत.

एली पॅरिसर या अमेरिकन लेखकाने २०११ साली आपल्या पुस्तकात या स्थितीला ‘फिल्टर बबल’ असे नाव दिले. फेसबुक, यूट्यूब यांसारखी समाजमाध्यमे आपण काय पाहतो, कुठे थांबतो, याची नोंद ठेवतात आणि तसलेच पुन्हा पुढ्यात वाढतात. न आवडणारे हळूहळू दिसेनासे होते. व्हॉट्सॲपच्या गटात मात्र निवड यंत्र करीत नाही. तिथला बुडबुडा आपणच फुगवतो.

घरचेच उदाहरण देतो. माझी आत्या सोलापूरच्या पूर्व भागात एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गातली बरीच मुले यंत्रमाग कामगारांची, घरी तेलुगू बोलणारी. एका मुलाची बेरीज सतत चुकायची. तिने शिक्षकांच्या गटावर विचारले. गटात सगळे मराठी शाळांतलेच शिक्षक. उत्तर एकच आले : ‘घरी अभ्यास घेत नाहीत.’ तिलाही ते पटले; कारण तिचेही मत तेच होते!

पुढे एका प्रशिक्षणात तेलुगू शाळेतल्या एका बाईंशी ओळख झाली. त्यांनी तिला आपल्या गटात घेतले. तिथे तोच प्रश्न विचारताच उलट प्रश्न आला : ‘तुम्ही “हातचा” म्हणता, तेव्हा त्याला काय समजते?’ आत्याने दुसऱ्या दिवशी मुलाला विचारले. तो आपल्या हाताकडे पाहू लागला. मग काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून शिकवले, आणि बेरीज जमली. वर्षभर ‘ढ’ ठरलेला मुलगा ढ नव्हताच. अडला होता तो एका शब्दाशी.

आपल्या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा शाळा आहेत. बालभारती या भाषांतून पुस्तके काढते. गणित तेच, पण शिकवणारे एकमेकांशी बोलत नाहीत, याला काय म्हणावे?

याच जिल्ह्यातले दुसरे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडसाठी ते ओळखले जातात. पण परदेशांतील वर्गांशी त्यांनी आपल्या मुलांचा संवादही घडवला. दहा लाख डॉलरच्या पुरस्कारातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली. खेड्यातला शिक्षक कूपमंडूक असतो, हा समज त्यांनी खोटा ठरवला.

मग करावे काय? दुसऱ्या भाषेतल्या शाळेतील एक, दुसऱ्या विषयाचा एक आणि आपल्याशी न पटणारा एक, अशा तीन शिक्षकांचे लिखाण नियमाने वाचावे. आधी महिनाभर ऐकावे, मग बोलावे. मुलांची नावे व छायाचित्रे मात्र गटावर टाकू नयेत. दिसेल ते सारे खरे मानण्याचेही कारण नाही. वर्गात पडताळून पाहावे.

आपल्यापैकी अनेकजण उद्या बी.एड. करून शिक्षक होतील. आपल्या ‘होला हो’ म्हणणारे शंभरजण सहज भेटतील. ‘त्या मुलाला काय समजते?’ असे विचारणारा एक तरी आपल्या यादीत असावा, एवढेच माझे सांगणे आहे.