रेडिओच्या काट्यावरची गोष्ट

या रे पोरांनो, बसा. त्या थप्पीला टेकू नका, आज घाईत रचलीय ती. सकाळपासून ट्रकांची रीघ होती, आत्ता कुठे हमाल भाकरीला बसलेत. आपल्या मार्केट यार्डात गोष्ट सांगायला हीच वेळ बरी.

ओंकार सकाळपासून मागे लागलाय, "आजोबा, रेडिओच्या लहरी सोडल्या की कॅन्सरची गाठ आतल्या आत जळते, ऑपरेशन लागत नाही, असं मोबाइलवर दाखवतात. खरंय का हो?" प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याला नुसतं हो म्हटलं तरी चूक आणि नुसतं नाही म्हटलं तरी चूक. म्हणून सगळी गोष्टच सांगतो. सई, फळीवरचा तो जुना रेडिओ खाली घे बाळ. आज आपल्याला त्याचा काटा फिरवायचाय.

हा काटा बघा, ७९२ वर आहे. आकाशवाणी पुणे, मिडियम वेव्ह. ७९२ किलोहर्ट्झ म्हणजे ही लहर एका सेकंदात ७ लाख ९२ हजार वेळा मागेपुढे होते. ती तुमच्या-माझ्या अंगातून जाते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. क्ष-किरणासारखा पेशीतला डीएनए तोडण्याचा जोर तिच्यात नसतो. पण अशीच लहर जवळून आणि मोठ्या ताकदीने सोडली, तर ती शरीरात उष्णता निर्माण करू शकते. आपल्या गोष्टीची सुरुवात या उष्णतेपासून होते.

शरीर चालतं ३७ अंश सेल्सिअसवर. ४२-४३ अंशांवर पेशीतली प्रथिनं आपली घडी सोडायला लागतात. निरोगी जागी रक्त जोरात धावून ती उष्णता वाहून नेतं. कॅन्सरच्या गाठीतल्या रक्तवाहिन्या मात्र कशाही, वेड्यावाकड्या वाढलेल्या असतात. तिथे रक्त नीट खेळत नाही, प्राणवायू कमी पडतो, उष्णता कोंडून राहते. शिवाय तापलेल्या पेशीला किरणोपचाराने झालेली डीएनएची मोडतोड नीट दुरुस्त करता येत नाही. त्यामुळे उष्णतेची जोड मिळाली की किरणोपचार जास्त परिणाम करतो.

मग अडलं कुठे? गाठ तेवढी तापली पाहिजे आणि शेजारचा निरोगी भाग वाचला पाहिजे. सगळी मेख इथे आहे.

आता काटा डावीकडे न्या. अगदी टोकाला, ५३० च्याही थोडं पलीकडे. साधारण ४८० किलोहर्ट्झच्या आसपास आज खरोखरीचा उपचार चालतो. यकृतातल्या लहान गाठीत डॉक्टर एक बारीक सुई घालतात आणि सुईच्या टोकातून हा प्रवाह सोडतात. टोकाभोवतीचा भाग तापून मरतो. हा उपचार आपल्या देशातल्या मोठ्या रुग्णालयांतही होतो. म्हणजे ओंकार, रेडिओलहरीच्या पट्ट्यातल्या प्रवाहाने गाठ मरते, हे खरं आहे. पण त्याला सुई लागते. सुई न लावता जमेल का, हा पुढचा प्रश्न.

काटा फिरवा १२०० वर. १९५७ साली अमेरिकेत शिकागोला गिलख्रिस्ट नावाचे शल्यविशारद होते. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन करताना त्यांना एक गोष्ट छळायची. गाठ निघते, पण कॅन्सरच्या पेशी जवळच्या लसिकाग्रंथींत दडून बसतात आणि तिथे चाकू पोचत नाही. त्यांनी लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण वापरून पाहिले. असे कण लसिकेबरोबर वाहत जाऊन आपोआप ग्रंथींत साठतात. मग बाहेरून १२०० किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र लावलं आणि कुत्र्यांच्या ऊतींवर केलेल्या प्रयोगात कण असलेल्या ग्रंथी तापल्या. कण जिथे, उष्णता तिथे! या विद्येचं मूळ त्या प्रयोगात आहे.

हे कण केवढे, सई? केसाची जाडी असते साधारण ८० हजार नॅनोमीटर. रक्तातली तांबडी पेशी सात-आठ हजार नॅनोमीटर. आणि आज वापरले जाणारे लोहाचे कण पुष्कळदा १० ते १५ नॅनोमीटरचे.

असे कण माणसानेच पहिल्यांदा केले, असं समजू नका. १९७५ साली रिचर्ड ब्लेकमोर यांनी चिखलातले काही जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तर ते सगळे एकाच दिशेला पोहत निघाले. जवळ चुंबक धरला की दिशा बदलायचे. त्यांच्या पोटात मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकीय लोह-ऑक्साइडचे, साधारण ३५ ते १२० नॅनोमीटरचे स्फटिक होते. एकेका स्फटिकावर पातळ पापुद्रा आणि सगळे एका ओळीत ओवलेले. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा माग काढत हा जीव चिखलात आपल्याला सोसेल इतक्याच प्राणवायूच्या थरापर्यंत जातो. आणि हे दूरदेशीचंच नवल नाही बरं. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवरातही असे जिवाणू सापडलेत. महाराष्ट्रातल्याच संशोधकांनी ते शोधले आणि 'करंट सायन्स' या नियतकालिकात त्यांच्याबद्दल लिहिलं. पुढे २०११ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी अशा जिवाणूंमधून स्फटिकांच्या माळा काढून उंदरांच्या गाठींत सोडल्या आणि बाहेरून क्षेत्र लावलं. गाठी आक्रसल्या, काही तर नाहीशा झाल्या. चिखलातल्या जिवाला वाट दाखवणारा स्फटिक औषधाच्या कामी येऊ शकतो, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

आता हा कण तापतो कसा, ते नीट ऐका. प्रत्येक कणाला स्वतःचे उत्तर आणि दक्षिण ध्रुव असतात. बाहेरचं क्षेत्र दिशा बदलतं, तसे तेही उलटायला बघतात. कधी कण जागच्या जागी राहून आतलं चुंबकत्व तेवढं फिरतं, कधी अख्खा कण फिरून भोवतालच्या द्रवाशी घासतो. दोन्ही प्रकारांत तो क्षेत्राच्या किंचित मागे पडतो, आणि या मागे पडण्यात जी ऊर्जा खर्ची पडते तिची उष्णता होते. सेकंदाला एक लाख वेळा हे घडलं, तर गाठ तापणारच.

सेकंदाला एक लाख म्हणजे १०० किलोहर्ट्झ. तिथे हा काटा जात नाही, डायलच्या फार डावीकडे राहिलं ते. बर्लिनमध्ये आंद्रेआस जॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे काम केलं. मेंदूतली ग्लिओब्लास्टोमा नावाची अत्यंत हट्टी गाठ, तीही एकदा उपचार होऊन पुन्हा उलटलेली. त्यांनी लोहाचे कण गाठीत टोचले, रुग्णाला चुंबकीय क्षेत्राच्या यंत्रात ठेवलं आणि जोडीला किरणोपचार दिला. २०१० साली युरोपात या पद्धतीला परवानगी मिळाली. २०११ साली अशा ५९ रुग्णांचा अहवाल छापून आला. आजार उलटल्याचं कळल्यापासून निम्मे रुग्ण १३.४ महिने किंवा त्याहून जास्त जगले. त्या आजारात ही आशेची गोष्ट होती. पण अभ्यासात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता. कण टोचायला कवटीतून जावंच लागलं. तोंडातले धातूचे दात काढावे लागले, कारण तेही तापतात. आणि डोक्यात एवढं लोह राहिल्यामुळे पुढे एमआरआयने नीट पाहता येईना. चांगलं आणि अवघड, दोन्ही सांगितलं पाहिजे.

आता मोबाइलवरच्या गोष्टीकडे येऊ. आपल्या गाळ्यावर कार्ड टेकवून पैसे घेतात ना, ती लहर १३.५६ मेगाहर्ट्झची. तीच वारंवारिता जॉन कॅन्झियस यांनी निवडली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एरी गावचे ते गृहस्थ, सगळं आयुष्य रेडिओच्या धंद्यात गेलेलं. डॉक्टरकीचं शिक्षण नाही. २००२ साली त्यांना रक्ताचा कॅन्सर झाला. केमोथेरपी घेताना आसपासचे रुग्ण, त्यातही लहान मुलं, पाहून त्यांची झोप उडाली. धातूवर रेडिओलहरी पडल्या की तो तापतो, हे त्यांना माहीत होतं. बायकोच्या स्वयंपाकघरातल्या थाळ्या घेऊन त्यांनी घरीच पहिलं यंत्र जोडलं. मांसाच्या सॉसेजमध्ये मोरचूद टोचून पाहिलं, तर टोचलेली जागा तेवढी तापली.

ह्यूस्टनच्या कॅन्सर रुग्णालयातले डॉ. स्टीव्हन कर्ली यांनी ही कल्पना तपासायला घेतली. २००७ साली त्यांनी सशांच्या यकृतातल्या गाठींत कार्बनच्या नॅनोनळ्या टोचून दोन मिनिटं लहरी सोडल्या. दोन दिवसांनी पाहिलं, तर त्या गाठी मेलेल्या होत्या. काहींच्या भोवती दोन ते पाच मिलिमीटर निरोगी यकृतही भाजलं होतं. फेब्रुवारी २००९ मध्ये कॅन्झियस गेले. त्यांचं यंत्र तोवर कुठल्याही माणसावर वापरलं गेलं नव्हतं.

आपल्या यार्डात तोलणार असतो. माल शेतकऱ्याचा, पैसा व्यापाऱ्याचा, पण काट्यापाशी उभ्या तोलणाराने कुणाचीच बाजू घ्यायची नसते. विज्ञानात ते काम तुलनेचा प्रयोग करतो. कॅन्झियस यांच्या लहरींत सोन्याचे कण तापतात, असं पुष्कळ ठिकाणी छापून आलं होतं. मग निरनिराळ्या प्रयोगशाळांनी कण धुऊन, गाळून, कण असलेलं आणि नसलेलं पाणी शेजारी शेजारी तापवून पाहिलं. तेव्हा दिसलं, की उष्णता मुख्यतः द्रवातल्या क्षारांची होती, सोन्याचा वाटा नगण्य. सोनं प्रकाशाने मात्र नक्की तापतं. आपल्या पुणे विद्यापीठात डॉ. सुलभा कुलकर्णी यांच्या गटाने सिलिकाच्या सूक्ष्म गोळ्यांवर सोन्याचं कवच चढवण्यावर काम केलं, ते अशाच कणांवरचं. पण प्रकाश शरीरात फार खोल जात नाही. कॅन्झियस यांची तळमळ खरी होती, त्यांच्यामुळे कितीतरी लोक या प्रश्नाकडे वळले. तळमळीलाही काट्यावर चढावं लागतं, कारण पलीकडे आजारी माणूस असतो.

आता आपल्याकडचं एक मोलाचं काम सांगतो. प्रत्येक चुंबकीय पदार्थाला एक तापमान असतं, ज्याच्यावर त्याचं चुंबकत्व सरतं. त्याला क्युरी तापमान म्हणतात. मॅग्नेटाइटचं आहे सुमारे ५८५ अंश, म्हणजे शरीरात तो स्वतःहून कधी थांबणार नाही. कोल्हापूरच्या डी. वाय. पाटील विद्यापीठात डॉ. एस. एच. पवार यांच्या गटाने लँथेनम, स्ट्रॉन्शियम आणि मँगनीज यांच्या ऑक्साइडचे कण अभ्यासले. त्यांत घटकांचं प्रमाण आणि कणाचा आकार बदलून ही मर्यादा बरीच खाली आणता येते. हवं तेवढं तापून आपोआप थांबणारा कण करायचा, ही त्यामागची दृष्टी. आणि मुंबईत पवईच्या आयआयटीत धीरेंद्र बहादूर, रिंटी बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चरबीच्या सूक्ष्म पिशवीत लोहाचे कण आणि औषध एकत्र भरलं. ४२-४३ अंशांना पिशवी सैल होते आणि औषध बाहेर पडतं. २०१० साली प्रयोगशाळेत वाढवलेल्या कॅन्सरपेशींवर त्यांनी ते दाखवलं. माणसापर्यंतची वाट अजून लांब आहे.

लांब का, तेही ऐका. सुई न टोचता गाठ गाठायची, तर कण शिरेतून सोडावे लागतात. रक्तात शिरलेल्या परक्या कणांना यकृत आणि प्लीहा पकडतात, तो त्यांचा धर्मच आहे. २०१६ साली टोरांटोच्या संशोधकांनी आधीच्या दहा वर्षांतले असे अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा सोडलेल्या मात्रेपैकी गाठीत पोचणाऱ्या वाट्याचा मध्यक ०.७ टक्के निघाला. शंभरातला एकही नाही! लहर शरीरात शिरते, कणही तापतो, पण तो पुरेशा संख्येने नेमक्या जागी पोचत नाही. आज सगळं या पोचण्यावर अडलंय.

म्हणून ओंकार, कुणी असा उपचार विकायला आला, तर तीन गोष्टी विचारायच्या. हे बशीतल्या पेशींवर केलंय, उंदरावर केलंय की माणसावर? तुलनेला दुसरा गट होता का? आणि निरोगी भागाला किती इजा झाली? उत्तर मिळालं नाही, तर डॉक्टरांनी लावून दिलेला उपचार एक दिवसही सोडायचा नाही. कॅन्झियस यांनीसुद्धा आपलं यंत्र जोडत असताना केमोथेरपी घेतली होती.