हेरातची फिर्याद

सप्टेंबर १९९५ मध्ये हेरात शहर तालिबानच्या अमलाखाली गेले आणि मुलींच्या शाळांपासून चित्रपटगृहांपर्यंत सर्वांना फर्मानामागून फर्मान काढून टाळे ठोकण्यात आले, त्या काळात ज्या मुलीने घरात बसून नाटके लिहिली, ती रोया सादत तालिबानोत्तर अफगाणिस्तानातील अग्रणी चित्रपट-दिग्दर्शिका ठरली. तो अंमल उठल्यावर त्यांनी हेरात विद्यापीठात कायदा व राज्यशास्त्र यांचे अध्ययन केले; आणि माझ्या मते त्यांच्या चित्रकृतींचे मर्म या अध्ययनातच आहे.

‘सेह् नुक्ता’ या त्यांच्या पहिल्याच चित्रपटात इराणच्या सरहद्दीलगतची एक एकाकी माता मुलखातल्या सरदाराच्या धाकाने अफूची चोरटी ने-आण करते. तिथे कायदा पोहोचलेलाच नाही. २०१७ च्या ‘अध्यक्षांना पत्र’ या चित्रपटात मात्र कायदा आहे, कचेऱ्या आहेत, शिक्केही आहेत, आणि नायिका सुरय्या ही स्वतः पोलिस खात्यातील अधिकारी आहे. तरीही व्यभिचाराचा आळ आलेल्या एका स्त्रीला जमातीच्या न्यायापासून वाचविल्याबद्दल तिच्यावर जी अरिष्टे ओढवतात, त्यांतून तिचा हुद्दा तिला तारू शकत नाही. पती तिच्या थोबाडीत मारतो. तीही उलट मारते. अफगाण पडद्यावर ही गोष्ट लहान नव्हती. पुढे पतीच्या मृत्यूचा दोष माथी येऊन देहान्त शिक्षेची वाट पाहणारी सुरय्या तुरुंगातून राष्ट्राध्यक्षांकडे फिर्याद धाडते. ऑस्करसाठी अफगाणिस्तानने हाच चित्रपट पाठविला, हे त्या वेळच्या सरकारच्या पदरी पुण्य म्हणून नोंदविले पाहिजे!

भगिनी अल्का यांच्यासह त्यांनी ‘रोया फिल्म हाउस’ ही संस्था काढली आणि २०१३ मध्ये हेरातच्या पुरातन किल्ल्यात स्त्रियांचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरविला. ज्या शहरात काही वर्षांपूर्वी स्त्रीला एकटीने उंबरठा ओलांडण्याची मुभा नव्हती, तेथे सैनिकांसाठी उभारलेल्या तटबंदीच्या आत स्त्रियांनी घडविलेले चित्रपट पाहिले गेले.

२०२१ मध्ये तालिबानची हुकूमत परतल्यापासून त्यांचे कार्य देशाबाहेर, मुख्यतः अमेरिकेत, चालू आहे. सिअ‍ॅटलमध्ये त्यांनी एक ऑपेराही दिग्दर्शित केला. परंतु अलीकडच्या त्यांच्या कामांत मला अधिक मोलाचा वाटतो तो अफगाण प्रजासत्ताक आणि तालिबान यांच्यातील दोहा येथील वाटाघाटींवरचा माहितीपट. प्रजासत्ताकाच्या शिष्टमंडळात बसलेल्या चार स्त्रिया हा त्याचा विषय आहे. समोरच्या, तालिबानच्या बाजूला एकही स्त्री नव्हती.