चरित्रनट आणि चळवळ्या : अवतार किशन हंगल

वांद्र्याहून उपनगरी गाडी उत्तरेस निघाली की खार मागे पडते आणि लागलीच सांताक्रूझ येते. वांद्र्यास १९५४ साली मेहबूब स्टुडिओ उभा राहिला, पाली हिलच्या चढावर नामांकित नटनटींचे बंगले झाले, आणि पडद्यावरील वैभवाचे व वांद्र्याचे नाते लोकांच्या मनात कायमचे जडले. त्या वैभवापासून दोन स्थानकांच्या अंतरावर, सांताक्रूझमधील एका साध्या घरात, अवतार किशन हंगल हा वृद्ध नट राहत असे. हंगल हे नाव कानी पडताच मराठी रसिकास गंगूबाईंची आठवण व्हावी हे साहजिक आहे. परंतु गंगूबाईंचे हनगल कर्नाटकातले, आणि हे हंगल घराणे काश्मिरी पंडितांचे.

चित्रपटात चरित्रनटाचे काम मोठे विलक्षण असते. नायकाचे बालपण, प्रेम, संकटे, सारे काही कथेत सविस्तर सांगितलेले असते. चरित्रनटास मात्र तीनचार प्रसंग मिळतात. त्याची पूर्वकथा कोणी सांगत नाही. ती त्याच्या चालण्यात, थांबण्यात, दुसऱ्याचे बोलणे ऐकून घेण्याच्या रीतीत दिसावी लागते. ज्याने स्वतः फारसे काही भोगलेले नाही त्यास ही कला साधत नाही असे म्हणणे धाडसाचे होईल. पण हंगलांच्या बाबतीत भोगलेले पुष्कळ होते, एवढे खरे. ते पडद्यावर आले तेच मुळी पन्नाशी उलटल्यावर.

त्यांचा जन्म १९१४ साली सियालकोट येथे झाला आणि बालपण पेशावरात गेले. त्याच पेशावरात, किस्साखानी बाजारात, २३ एप्रिल १९३० रोजी खान अब्दुल गफारखानांच्या नि:शस्त्र अनुयायांवर गोळीबार झाला, आणि गढवाली पलटणीतील शिपायांनी त्या जमावावर बंदूक चालविण्याचे नाकारले. अशा शहरात तारुण्यात पाऊल टाकणाऱ्या मुलाने राजकारणापासून दूर राहावे, ही अपेक्षाच व्यर्थ. सरकारी चाकरीची वाट सोडून त्यांनी शिंप्याचा व्यवसाय पत्करला. पंडित घराण्यातील मुलाने हाती कात्री व टेप घ्यावी, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. सन १९३६ मध्ये पेशावरच्या श्री संगीतप्रिय मंडळात ते दाखल झाले आणि नाटकांतून कामे करू लागले. दिवसा कापड बेतावे, रात्री तालीम करावी आणि मधल्या वेळात चळवळ, असा त्यांचा क्रम होता.

पुढे कुटुंब कराचीस आले. तेथे हंगल कम्युनिस्ट पक्षाचे काम करू लागले. शिवणकाम करणाऱ्या कामगारांचे हाल त्यांना पुस्तकातून समजून घ्यावे लागले नाहीत; ते स्वतः त्याच कामावर बसत होते. १९४७ साली देशाची फाळणी झाली. शेजारीपाजारी निघून जात होते, तरी हे कराचीतच राहिले, आणि नव्या राज्याने त्यांस कम्युनिस्ट म्हणून तुरुंगात टाकले. इंग्रजांविरुद्ध लढलेला मनुष्य स्वातंत्र्य आल्यावर बंदिवान झाला! १९४९ साली सुटका झाल्यावर ते मुंबईस आले. वय पस्तीस, आणि पोट भरण्यास हाती तोच शिंप्याचा हुन्नर.

मुंबईत त्यांना आपली माणसे मिळाली ती ‘इप्टा’मध्ये. लोकांचे नाट्य लोकांपर्यंत नेण्याकरिता ही संस्था १९४३ साली मुंबईतच स्थापन झाली होती. बलराज साहनी, कैफी आझमी यांच्यासारख्यांच्या सहवासात हंगलांनी वर्षानुवर्षे नाटके केली. या रंगभूमीवर पैसा नव्हता. टाळ्या असत, कधी पोलिसांची नजर असे. बासू भट्टाचार्यांच्या ‘तीसरी कसम’मध्ये, १९६६ साली, ते प्रथम पडद्यावर दिसले. त्यानंतर सुमारे सव्वादोनशे चित्रपट झाले. पुष्कळ भूमिका एकाच साच्याच्या होत्या, हे कबूल केले पाहिजे. सालस पिता, प्रेमळ काका, पिकल्या केसांचा इमानी नोकर, या चाकोरीत निर्मात्यांनी त्यांना बसविले. आणि ‘शौकीन’ (१९८२) सारख्या चित्रपटात चाकोरी मोडून त्यांनी म्हाताऱ्या रंगेलाचे काम केले तेव्हा प्रेक्षकांस सुखद धक्का बसला.

तथापि काही भूमिकांत नट आणि चळवळ्या एकमेकांस भेटतात. हृषीकेश मुखर्जींच्या ‘नमक हराम’मध्ये (१९७३) ते कामगार पुढारी बिपिनलाल पांडे झाले. त्या काळच्या चित्रपटात कामगार पुढारी म्हणजे एक तर आरडाओरड करणारा, नाही तर विकला गेलेला. हंगलांचा पुढारी हळू बोलतो, कारण त्याला आपली माणसे ठाऊक आहेत. ‘दीवार’मध्ये (१९७५) ते काही मिनिटांपुरते येतात. भुकेपायी पाव चोरणाऱ्या मुलास पोलीस अधिकाऱ्याने गोळी घातलेली असते. तो अधिकारी अन्न घेऊन त्या घरी जातो. आई संतापते, आणि शिक्षक असलेला बाप मात्र चोरी ती चोरीच म्हणतो. ही वाक्ये दुसऱ्या नटाच्या तोंडी नुसते सुभाषित ठरली असती. येथे ती ऐकताना त्या बापाची गरिबी आधी जाणवते, तत्त्व मागाहून.

‘गर्म हवा’ या एम. एस. सथ्यूंच्या चित्रपटात तर दैवाने थट्टाच केली. फाळणीनंतर आग्र्यातच राहू पाहणाऱ्या मुसलमान कुटुंबाची ती कथा. त्यात हंगलांकडे आले सिंधी व्यापारी अजमानीचे काम, म्हणजे सीमेपलीकडून घरदार सोडून आलेल्या माणसाचे. कराची सोडून आलेल्या नटास हे सोंग आणावे लागले नसेल. ‘शोले’मधील आंधळे इमामसाहेब, रहीमचाचा, सर्वांस ठाऊक आहेत, मुलाचे प्रेत पुढ्यात असता भेदरलेल्या गावास धीर देणारा तो म्हातारा एका काश्मिरी पंडिताने उभा केला, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानी नसते.

आणि याच नटावर १९९३ साली बहिष्कार पडला. जन्मभूमी पाहण्याच्या इच्छेने त्यांनी पाकिस्तानच्या व्हिसासाठी अर्ज केला होता. मुंबईतील पाकिस्तानी वकिलातीने पाकिस्तान दिनाच्या समारंभास बोलावले आणि ते गेले. नुकतेच शहर दंगलींत व बॉम्बस्फोटांत होरपळले होते. शिवसेनेने त्यांच्या चित्रपटांवर बहिष्काराची हाक दिली. काही चित्रपटांतून त्यांचे प्रसंग कापले गेले, आणि सुमारे दोन वर्षे त्यांना काम मिळाले नाही. ज्या देशाच्या तुरुंगातून ते सुटून आले, त्याच देशाचा हस्तक म्हणून त्यांच्याकडे बोट दाखविले गेले. त्यांनी आपली मते बदलली नाहीत.

काम पुन्हा मिळू लागले. ‘लगान’मध्ये (२००१) ते शंभूकाका झाले, २००६ साली पद्मभूषण मिळाले. पदवीने औषधांचा खर्च भागत नाही. २०११ साली त्यांच्या आजारपणाची व हलाखीची वार्ता वृत्तपत्रांत आली, तेव्हा चित्रव्यवसायातील मंडळी आणि राज्य सरकार यांनी मदत केली. त्याच वर्षी चाकांच्या खुर्चीत बसून ते एका वस्त्रप्रदर्शनाच्या मंचावर आले; एके काळच्या शिंप्यास ते स्थान परके वाटले नसावे. २०१२ साली ‘मधुबाला’ या दूरचित्रवाणी मालिकेत त्यांनी अखेरचे लहानसे काम केले आणि २६ ऑगस्ट रोजी सांताक्रूझच्या आशा पारेख रुग्णालयात त्यांचे निधन झाले. ‘इप्टा’चे अध्यक्षपद त्या दिवसापर्यंत त्यांच्याकडेच होते.