नमुन्याबाहेर राहिलेली माणसं

(वृद्धसेवा आणि संशोधनपद्धती : लेखांक ६)

मागच्या आठवड्यात संशोधनाचा प्रश्न कसा बांधायचा ते पाहिलं. आता त्याचं उत्तर कुणाकडून घ्यायचं, म्हणजे नमुना कसा निवडायचा, इथवर आपण आलो आहोत. वृद्धाश्रमात, रुग्णालयात किंवा घरोघरी शुश्रूषा करता करता एम.एस्सी. नर्सिंग, एम.एस.डब्ल्यू. किंवा फिजिओथेरपीचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांच्या सिनॉप्सिसमध्ये या जागी बहुतेक वेळा ठरलेला मजकूर असतो. वय साठच्या पुढे, मराठी समजणारे, सहभागाला तयार असलेले. त्याखाली वगळण्याचे निकष : अंथरुणाला खिळलेले, ऐकू न येणारे, स्मृतिभ्रंश असलेले, गंभीर आजारी. हा मजकूर एका बॅचच्या प्रबंधातून पुढच्या बॅचच्या प्रबंधात उतरत जातो आणि त्याबद्दल कुणी फारसं विचारत नाही. माझं म्हणणं असं आहे की वृद्धसेवेत काम करणाऱ्याला संशोधनपद्धती शिकायची असेल तर सगळ्यात जास्त वेळ याच चार ओळींवर घालवला पाहिजे. टी-टेस्ट, काय-स्क्वेअर नंतरही शिकता येतात, हवं तर संख्याशास्त्रज्ञाला विचारता येतात. पण या ओळींनी जी माणसं बाहेर ठेवली ती पुढच्या कुठल्याही गणिताने आत येत नाहीत. आणि वृद्धसेवेत बाहेर राहणारी माणसं तीच असतात, ज्यांच्यासाठी ही सेवा मुळात उभी आहे.

रक्तदाबाचं उदाहरण घ्या. उच्च रक्तदाबावरच्या औषधांच्या मोठ्या चाचण्यांत ऐंशीच्या पुढची माणसं दीर्घकाळ अगदी तुरळक होती. या वयात औषध देणं हिताचं की धोक्याचं, यावर डॉक्टरांमध्ये खरोखर मतभेद होते. २००८ साली ‘हायवेट’ या चाचणीचे निष्कर्ष आले. ऐंशी किंवा त्याहून अधिक वयाचे ३,८४५ रुग्ण, निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना औषधासारखी दिसणारी निष्प्रभ गोळी. औषध घेणाऱ्यांत मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले. हे फार मोलाचं काम आहे आणि त्याने उपचारांची दिशा बदलली. पण त्याच चाचणीचे वगळण्याचे निकष वाचा : स्मृतिभ्रंशाचं निदान झालेले आणि शुश्रूषेची गरज असलेले लोक त्यात नव्हते. म्हणजे वृद्धाश्रमातल्या ज्या आजी दुसऱ्याच्या आधाराशिवाय उठू शकत नाहीत, त्यांच्याबद्दल या चाचणीला थेट काहीच सांगता येत नाही. त्या गटाकडे २०१५ साली ‘पार्टाज’ या अभ्यासाने पाहिलं. फ्रान्स आणि इटलीतल्या शुश्रूषागृहांत राहणारे, ऐंशीच्या पुढचे ११२७ लोक त्यात होते. ज्यांचा वरचा रक्तदाब १३० पेक्षा कमी होता आणि जे रक्तदाबाची दोन किंवा अधिक औषधं घेत होते, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त आढळलं. इथे घाई करू नये. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. जो माणूस आतून खचत चालला आहे त्याचा रक्तदाब आपोआपही उतरतो, त्यामुळे सगळा दोष औषधाच्या माथी मारता येणार नाही. तरीही एवढं पक्कं की पहिल्या अभ्यासाचं उत्तर दुसऱ्या गटाला तसंच्या तसं लावता येत नाही. रोज सकाळी बीपी मोजून तक्त्यात भरणाऱ्या परिचारिकेला हा फरक कळला, तर कुठल्या आजोबांबद्दल डॉक्टरांना पुन्हा विचारायचं हेही कळेल.

वगळणं दर वेळी निकषांच्या यादीत लिहिलेलं असतंच असं नाही. ते मोजमापाच्या साधनातही दडलेलं असतं. स्मरणशक्ती तपासण्यासाठी जगभर वापरली जाणारी एमएमएसई ही तीस गुणांची चाचणी १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. तिच्यात लिहिलेली सूचना वाचून तसं करायचं असतं, एक वाक्य लिहायचं असतं, एक आकृती पाहून काढायची असते. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातल्या साठीपुढच्या स्त्रियांपैकी साक्षर होत्या सुमारे २८ टक्के. उरलेल्यांना ही चाचणी दिली तर मोजली जाते ती शाळा, स्मरणशक्ती नव्हे. म्हणूनच हरियाणातल्या बल्लभगढ भागात नव्वदच्या दशकात काम करणाऱ्या संशोधकांनी निरक्षर ग्रामीण वृद्धांना देता येईल अशी हिंदी चाचणी घडवली. याच्या उलट बाजूचा धोका ‘१०/६६’ या संशोधक गटाने दाखवला. स्मृतिभ्रंश असलेल्यांपैकी दोन तृतीयांश लोक विकसनशील देशांत राहतात, पण त्यांच्यावरचं संशोधन दहा टक्क्यांहूनही कमी, यावरून गटाने हे नाव घेतलं. २००८ साली त्यांनी अनेक देशांतल्या पासष्टीपुढच्या लोकांची आकडेवारी प्रसिद्ध केली. भारतात चेन्नई आणि वेल्लोर इथे काम झालं. प्रचलित अमेरिकी निकषाने ग्रामीण भारतात स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जेमतेम ०.३ टक्के निघालं. गटाने स्वतः तयार केलेल्या निकषाने मात्र कुठल्याच देशात ते ५.६ टक्क्यांच्या खाली आलं नाही. एवढी तफावत येते कशी? अमेरिकी निकषाला रोजच्या व्यवहारात अडथळा आल्याची नोंद लागते आणि ती बहुधा नातेवाईकाच्या तोंडून येते. आजोबा बाजारातून चुकीच्या वस्तू आणू लागले की सून ते काम आपल्याकडे घेते, आजी मीठ दोनदा घालू लागल्या की त्यांना चुलीपासून उठवलं जातं, आणि ‘काही त्रास आहे का’ असं विचारल्यावर घरचे मनापासून म्हणतात, ‘नाही, वय झालं आता.’ घराने दिलेला आधारच आजार झाकतो. वृद्धसेवेतल्या कार्यकर्त्याला हे झाकलेपण रोज दिसत असतं, म्हणून कुठली प्रश्नावली वापरायची हा निर्णय त्याने केवळ गाइडवर सोडू नये.

तिसरी गळती अभ्यास सुरू झाल्यानंतर होते. आपल्याकडच्या पदव्युत्तर प्रबंधांत एकाच गटाची पूर्वचाचणी, मग काही आठवड्यांचा कार्यक्रम, मग उत्तरचाचणी ही रचना अतिशय लोकप्रिय आहे. समजा वीस जणांचा नैराश्यगुणांक मोजला. पंधरापैकी सरासरी ८ आली, गुण जितके जास्त तितकं नैराश्य जास्त. त्यातल्या चौघांचे गुण प्रत्येकी १२ आणि उरलेल्या सोळा जणांची सरासरी ७. महिनाभर भजन, व्यायाम, गप्पा असा कार्यक्रम झाला. उत्तरचाचणीच्या दिवशी ते चौघे नाहीत : कुणी रुग्णालयात, कुणाला मुलगा घेऊन गेला, कुणी देवाघरी, कुणी खोलीबाहेर यायलाच तयार नाही. उरलेल्या सोळा जणांत काडीचा फरक पडलेला नसला तरी सरासरी ८ वरून ७ वर येते आणि कार्यक्रम ‘परिणामकारक’ ठरतो. दोन्ही वेळा हजर असलेल्यांचीच जोडीने तुलना केली तर ही चूक टळते, हे खरं. पण मग उत्तर फक्त त्या सोळा जणांपुरतं उरतं, आणि सर्वांत उदास चौघांसाठी कार्यक्रमाचा उपयोग झाला की नाही हा प्रश्न तसाच राहतो. प्रबंधात ‘चार जण गळाले’ असं अर्धं वाक्य लिहून पुढे जाणं हा मला या विषयातला मोठा अन्याय वाटतो.

पडण्याच्या नोंदींचंही असंच. चाळीस जणांच्या वृद्धाश्रमात तीस दिवसांत सहा वेळा कुणी ना कुणी पडलं, तर हजार निवासदिवसांमागे पाच. आता त्या चाळिसांतले सोळा जण अंथरुणावरच असतील, तर पडण्याचा धोका खरोखर चोवीस जणांनाच होता आणि त्यांच्यासाठी तोच दर आठच्या वर जातो. ज्या संस्थेत माणसांना खुर्चीला बांधून ठेवतात तिथे तर हा आकडा फार सुंदर दिसेल. भागाकारात खाली कोणाला मोजलं हे लिहिल्याशिवाय दोन संस्थांची तुलना करू नये.

यावर पहिला आक्षेप असा येतो की या लोकांना घेऊन मिळणारी माहितीच विश्वासार्ह नसते. ज्याला कालचं आठवत नाही तो वेदनेबद्दल काय सांगणार? आक्षेपात तथ्य आहे, पण त्यातून निघायला हवा तो निष्कर्ष साधन बदलण्याचा आहे. बोलू न शकणाऱ्या स्मृतिभ्रंशग्रस्तांची वेदना निरीक्षणातून मोजण्यासाठी ‘पेनॅड’ नावाची मापनश्रेणी २००३ पासून उपलब्ध आहे. श्वास, कण्हणं, चेहरा, शरीराची हालचाल आणि समजूत घातल्यावर शांत होणं या पाच गोष्टींना मिळून शून्य ते दहा गुण द्यायचे असतात. शिवाय अंग पुसणाऱ्या, कपडे बदलणाऱ्या मावशींना ज्या खुणा कळतात त्या पाच मिनिटांसाठी आलेल्या संशोधकाला कळत नाहीत. मात्र दुसऱ्याच्या तोंडून घेतलेली माहिती सांभाळून वापरावी. स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या जीवनमानाबद्दल विचारलं तर नातेवाईक सहसा त्या व्यक्तीपेक्षा कमी गुण देतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून जमेल तिथे दोघांनाही विचारावं आणि दोन्ही उत्तरं वेगवेगळी मांडावीत.

दुसरा आक्षेप गाइडकडून येतो आणि तो व्यवहाराचा आहे. नोकरी सांभाळून हाती असलेले काही महिने, एकच संस्था, पन्नास-साठ माणसं. देशभराच्या पाहण्यांनाही जे जमत नाही ते विद्यार्थ्याने कसं करावं? पंचेचाळिशीपुढचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक जणांपर्यंत पोचलेली ‘लासी’ ही पाहणी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केली. ज्यांना स्वतः उत्तरं देता येत नव्हती त्यांच्या वतीने घरच्यांकडून माहिती घेण्याची सोय तिच्यात होती. पण ती घराघरांतून झालेली पाहणी आहे, वृद्धाश्रमात राहणारे तिच्या कक्षेत येत नाहीत. एका आश्रमात काम करणाऱ्या विद्यार्थ्याच्या छोट्या अभ्यासाची जागा नेमकी इथेच आहे. सर्वांना अभ्यासात घेणं शक्य नसेल तर निदान सर्वांची मोजदाद करावी : संस्थेत एकूण किती, विचारलं किती जणांना, नाही म्हणाले किती, कुठल्या निकषाने किती वगळले, मध्येच किती गेले आणि कुठे गेले. वगळलेल्यांचं वय, स्त्री की पुरुष, कितपत परावलंबी, एवढी गोषवारा माहिती संस्थेच्या परवानगीने नावं न घेता देता येते. या तक्त्याला एक पान लागतं. साठ जणांवरचा निष्कर्ष आपल्या संस्थेला लागू पडेल का, हे वाचणाऱ्याला त्या पानावरून ठरवता येतं.

तिसरा आक्षेप सगळ्यात जड आहे. ज्याला संमतीचा अर्थ कळत नाही त्याला संशोधनात घेणं म्हणजे त्याच्या असहायतेचा फायदा घेणं नव्हे का? एथिक्स कमिटीतले सदस्य इथे थबकतात आणि त्यांनी थबकायलाच हवं. पण भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं असुरक्षित गटांना सरसकट बाहेर ठेवा असं सांगत नाहीत. संशोधनाचा लाभ त्यांनाही मिळावा म्हणून सहभागाचा त्यांचा हक्क ती मान्य करतात आणि जास्तीचं संरक्षण मागतात. ज्यांची निर्णयक्षमता उरलेली नाही त्यांच्यासाठी कायदेशीर प्रतिनिधीची संमती घेता येते. माझ्या मते तेवढ्यावर थांबू नये. प्रतिनिधीने सही केली असली तरी आजींनी हात झटकला, मान फिरवली, तर त्या दिवशीचं निरीक्षण तिथेच थांबवावं आणि तशी नोंद करावी. वृद्धसेवेत नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे याहून अवघड पेच आहे. ज्याच्या हातून रोजचं जेवण आणि औषध मिळतं, त्यालाच ‘मला भाग घ्यायचा नाही’ असं सांगणं मनाने पूर्ण शाबूत असलेल्या माणसालाही जड जातं. मग संमती कुणी घ्यावी, कुठे, आणि नकार दिल्याने सेवेत फरक पडणार नाही ही खात्री कशी द्यावी, हा पुढच्या लेखांकाचा विषय आहे.